पाचशे प्रतींचा प्रश्न : पुस्तक छापतो कोण आणि किंमत ठरवतो कोण?

दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलमधून हिंडतो. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर जनरल डब्यात उभ्याने आलेली माणसे चैत्यभूमीवर माथा टेकतात आणि तिथून थेट पुस्तकांकडे वळतात. स्वतःला वाचता न येणारी आजी नातवासाठी पुस्तक मागते, किंमत विचारते आणि कनवटीची नोट सोडते. अलीकडे याच गर्दीत एक वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा ऐकले आहे : "तो खंड संपलाय, परत कधी येईल सांगता येत नाही."

विद्यापीठात शिकणाऱ्या आमच्या मुलांची तक्रार वेगळी आहे. जातीवर, दलित चळवळीवर, आमच्या वस्त्यांवर परदेशी प्रकाशनांची जाडजूड पुस्तके निघतात. ग्रंथालयात असलीच तर एक प्रत असते आणि ती घरी नेता येत नाही. विकत घ्यावी म्हटले तर बापाची महिन्याची मजुरी एका पुस्तकात जाते.

एक पुस्तक छापले जात नाही म्हणून मिळत नाही, दुसरे छापले गेले तरी परवडत नाही म्हणून मिळत नाही. दोन्हींचा परिणाम एकच. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओता, असे धर्मशास्त्राने सांगितले होते. आज तसे काही करावे लागत नाही. कोणते पुस्तक छापायचे, किती प्रती काढायच्या आणि किंमत काय ठेवायची, एवढे तीन निर्णय आपल्या हातात ठेवले की ज्ञानबंदी आपोआप होते. हे तीन निर्णय आजवर कोण घेत आले, याचा इतिहास आपण नीट वाचायला हवा.

दक्षिणेच्या पैशातून दिलेला नकार

पेशवाईत श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. पैसा रयतेचा, घेणारे ब्राह्मण. इंग्रजांनी ही खिरापत हळूहळू आवरली आणि त्या निधीतला काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी वळवला. त्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी होती. कोणता मराठी ग्रंथ चांगला, कोणाला पैसे द्यायचे हे ती ठरवी. आजच्या भाषेत सांगायचे तर विद्वत्तापूर्ण मराठी प्रकाशनाचे ते एक दार होते.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीकडे दिले. शेतकरी कुटुंबाला भिक्षुक कसा लुबाडतो आणि शिक्षण त्यांना कसे सोडवते, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, ही नोंद जोतीरावांनी पुढे स्वतः 'गुलामगिरी'त करून ठेवली आहे. ते नाटक छापून लोकांसमोर आले ते १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक'च्या अंकातून. म्हणजे १२४ वर्षांनी. नाटक वाईट होते म्हणून ते थांबले नाही. ज्यांच्यावर ते लिहिले होते, तेच परीक्षक म्हणून बसले होते.

जोतीराव त्या दारात बसून राहिले नाहीत. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आली. १८८५ मध्ये पुण्यातल्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हक्काचा विचार नाही, त्या सभेतल्या ग्रंथकारांशी आपले जमणार नाही, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. त्याच काळातली एक गोष्ट आपल्याला टोचणारी आहे, तरी सांगायला हवी. 'शेतकऱ्याचा असूड'चे सुरुवातीचे दोन भाग 'दीनबंधु'ने छापले आणि पुढचे छापायला तो कचरला. 'दीनबंधु' परक्यांचे नव्हे, सत्यशोधकांचेच पत्र होते. तेव्हा दार बंद करणारा प्रत्येक वेळी शत्रूच असतो असे नाही. आपल्यातली भीतीही दार बंद करते.

जोतीरावांचे अखेरचे पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म' १८९१ साली निघाले. तेव्हा जोतीराव हयात नव्हते.

मतभेद आणि प्रस्तावना

आता बाबासाहेबांकडे येऊ. बाबासाहेब जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांत शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या पदव्यांचा छापखान्याशी काय संबंध होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कोलंबिया विद्यापीठाचा त्या काळी नियम होता की प्रबंध मान्य झाला तरी तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय डॉक्टरेट मिळत नसे. बाबासाहेब १९१७ साली भारतात परतले. 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' हा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने १९२५ साली काढला आणि कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ साली. मधल्या वर्षांत नोकरीतला अपमान झाला, 'मूकनायक' निघाला, पुन्हा लंडन झाले आणि बहिष्कृत हितकारिणी सभाही झाली. पदवी मात्र छापील पुस्तकासाठी थांबली होती. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याच्यासाठी छपाई ही परीक्षेनंतरची आणखी एक परीक्षाच होती.

त्याच प्रकाशनाने १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध केले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा हा प्रबंध परीक्षकांनी आधी दुरुस्तीसाठी परत केला होता. पुस्तकाला प्रस्तावना आहे एडविन कॅनन यांची, म्हणजे बाबासाहेबांच्या प्राध्यापकांची. त्या प्रस्तावनेत कॅनन उघड सांगतात की लेखकाची अनेक मते आपल्याला पटलेली नाहीत. तरीही प्रस्तावना त्यांनीच लिहिली, आणि बाबासाहेबांनीही ती जशीच्या तशी पुस्तकाच्या आरंभी छापली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तेरा वर्षांनी लाहोरला याच्या नेमके उलटे घडणार होते.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. मंडळ सुधारकांचे, त्यात सवर्ण हिंदूंचा भरणा. भाषणाचा मसुदा वाचल्यावर मंडळी घाबरली. वेद आणि शास्त्रांवरचा भाग काढा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. मग ते भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तकरूपात प्रसिद्ध केले. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'.

कॅनन यांना मते पटली नाहीत, तरी त्यांनी पुस्तक पुढे केले. मंडळाला मते पटली नाहीत, तर त्यांनी व्यासपीठच मोडले. संपादक, परीक्षक, प्रकाशक यांना ओळखण्याची कसोटी इथे मिळते. आपल्याशी सहमत नसलेला संपादक वाईट नसतो. "एवढे वगळा, मग छापतो" म्हणणाऱ्याकडे मात्र बारकाईने पाहावे लागते.

आठ आणे की दोन आणे?

या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती होत्या. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की त्या दोन महिन्यांत संपल्या. गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली होती. मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळमची चालू होती. हे कोणत्याही मोठ्या प्रकाशन संस्थेशिवाय, जाहिरातीशिवाय घडले. 'मूकनायक'ची पैसे देऊ केलेली जाहिरातसुद्धा 'केसरी'ने छापली नव्हती, त्या देशात घडले.

पुस्तकाची किंमत होती आठ आणे. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या पुस्तकावर लिहिताना सुचवले की किंमत दोन आणे करावी, निदान चार आणे तरी. वरवर पाहता सूचना गरिबांच्या भल्याची वाटते. पुस्तक स्वस्त असावे हे आम्हीही म्हणतोच. पण प्रश्न असा की तोटा कोणी सोसायचा? 'हरिजन'च्या मागे उद्योगपतींच्या देणग्या होत्या. बाबासाहेबांच्या मागे गिरणी कामगारांची वर्गणी आणि स्वतःची वकिली. ज्याला परिषदेतून हाकलले, ज्याने स्वतःच्या खिशातून छपाई केली, त्यालाच स्वस्ताईचा उपदेश! पुस्तक स्वस्त करायचे तर कोणाला तरी पैसे घालावे लागतात. तो भार लेखकावर ढकलून औदार्याचे श्रेय घेणे सोपे असते.

१४ सप्टेंबर १९५६

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ.

पुढच्या काळात थॅकर अँड कंपनीसारख्या मुंबईच्या नामांकित प्रकाशनाने बाबासाहेबांचे ग्रंथ काढले. 'हू वेअर द शूद्राज?' १९४६ साली तिथूनच निघाले. बाबासाहेब देशाचे कायदामंत्री झाले, संविधान सभेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आता तरी छपाईचा प्रश्न सुटला असेल असे वाटते ना?

१४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' छापून होत आले आहे, छपाईचा खर्च सुमारे २०,००० रुपये आहे, तो आपल्या ऐपतीबाहेरचा आहे. बुद्ध जयंतीच्या २५०० व्या वर्षाचा उत्सव सरकार करत आहे. तेव्हा ग्रंथालयांना आणि येणाऱ्या विद्वानांना वाटण्यासाठी सरकारने सुमारे ५०० प्रती विकत घ्याव्यात, अशी त्यांची मागणी होती.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र उत्सव समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो, आणि उत्सवाच्या वेळी दिल्लीत पुस्तक विक्रीला ठेवता येईल. समितीकडूनही काही झाले नाही.

त्या पत्रानंतर बरोबर एक महिन्याने, १४ ऑक्टोबरला, नागपूरला लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर बुद्धाचा धम्म स्वीकारला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पुस्तक निघाले १९५७ साली, त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे, सिद्धार्थ कॉलेज प्रकाशन म्हणून. फुल्यांचे अखेरचे पुस्तक मृत्यूनंतर, बाबासाहेबांचेही मृत्यूनंतर.

काही मित्र म्हणतात, सरकारकडे खरेच पैसे नसतील, त्यात जात कशाला शोधता? आम्ही कोणाच्या मनात शिरत नाही. आम्ही एवढेच पाहतो की बुद्धाच्या नावाने उत्सव भरवायला निधी होता, परदेशी पाहुण्यांना बोलवायला निधी होता, आणि बुद्धाचा धम्म लाखो लोकांच्या जगण्यात आणू पाहणाऱ्या माणसाच्या ग्रंथाच्या ५०० प्रतींना निधी नव्हता. निधी कशाला उरतो आणि कशाला संपतो, यातच धोरण असते.

पेट्यांतून खंडांकडे, खंडांतून गोदामाकडे

बाबासाहेबांची कितीतरी हस्तलिखिते त्यांच्या मागे वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिली. चळवळीच्या रेट्याने महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. १४ एप्रिल १९७९ रोजी इंग्रजी भाषणे आणि लेखनाचा पहिला खंड निघाला. 'तृतीय रत्न' ज्या वर्षी छापले गेले, तेच हे वर्ष. वसंत मून यांनी हे काम ज्या चिकाटीने केले, ते कोणत्याही विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाला लाजवणारे आहे. सरकारी किमतीत मिळालेल्या या खंडांमुळेच जगभर आंबेडकर-अभ्यास उभा राहिला. आज महागड्या इंग्रजी पुस्तकांच्या तळटीपांत हेच खंड सापडतात.

१९८७ साली चौथा खंड आला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून शिवसेना आणि मराठा महासंघाने काहूर माजवले, आणि ते परिशिष्ट वगळण्याच्या हालचाली सुरू झाल्या. १९८८च्या सुरुवातीला मुंबईत भीमसैनिकांचा प्रचंड मोर्चा निघाला. तेव्हा कुठे मजकूर राहिला. या मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप मात्र जोडली गेली. ग्रंथातला मजकूर वाचवण्यासाठी लाखो कष्टकरी रस्त्यावर उतरले, हे जगाच्या प्रकाशनाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे आहे.

आणि आज काय चालले आहे? डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'लोकसत्ता'तल्या एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. बातमी अशी होती : खंडांच्या ९ लाख प्रती छापायचे ठरले, ५ कोटी ४५ लाखांचा कागद खरेदी झाला, आणि चार वर्षांत छापल्या गेल्या फक्त ३३,००० प्रती. कागद गोदामात पडून. १९५६ साली पैसा नव्हता म्हणून पुस्तक अडले. आता पैसा आहे, कागद आहे, मागणी तर अफाट आहे, आणि पुस्तक तरीही अडले आहे. नकार न देता नकार कसा द्यावा, हे व्यवस्थेकडून शिकावे.

आमचे जगणे, त्यांचा मालकी हक्क

आता महागड्या पुस्तकांचे बघू. शोधनिबंध आणि संशोधनग्रंथांचा धंदा कसा चालतो? संशोधकाचा पगार किंवा फेलोशिप सरकार देते, म्हणजे जनता देते. हस्तलिखित तपासणारे प्राध्यापक बहुधा नाममात्र मानधनावर किंवा फुकट तपासतात. हक्क मात्र प्रकाशन कंपनीकडे जातात आणि तेच ज्ञान विद्यापीठाची ग्रंथालये पुन्हा जनतेच्याच पैशाने विकत घेतात. आमच्या वस्तीत येऊन कोणी मुलाखती घेतो, आमच्या आयांची गाणी टेप करून नेतो. पुढे पुस्तक निघते, लेखकाला बढती मिळते, आणि ज्या आईने गाणे सांगितले तिच्या नातवाला ते पुस्तक परवडत नाही.

२०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या कंपन्यांनी दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर खटला भरला. गुन्हा काय? अभ्यासक्रमातली प्रकरणे झेरॉक्स करून मुलांना देणे. ज्यांची पुस्तके होती त्यांच्यापैकीच अनेक लेखक-प्राध्यापक मुलांच्या बाजूने उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की शिक्षणासाठी अशा प्रती काढणे कायद्यात बसते. पुढे कंपन्यांनी माघार घेतली. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. आपल्या महाविद्यालयांत किती जणांना तो माहीत आहे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना मिळावीत म्हणून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. सरकारी महाविद्यालयातल्या आमच्या मुलांना याचा फायदा होईल, तो आम्ही नाकारत नाही. पण विनाअनुदानित महाविद्यालयातला मुलगा आणि वस्तीतले ग्रंथालय या योजनेच्या बाहेरच आहेत. कंपन्यांसाठी ६,००० कोटी निघतात आणि खंडांची छपाई रखडते, हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा.

मग आपण काय करायचे?

रडगाणे गाणे हा आमचा हेतू नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून कॉपीराइटमधून मोकळे झाले आहेत. ते आता कोणीही छापू शकतो. यात संधी आहे तसा धोकाही आहे. काटछाट केलेल्या, सोयीच्या आवृत्त्या बाजारात येऊ शकतात. २०१४ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या नव्या आवृत्तीला अरुंधती रॉय यांची भलीमोठी प्रस्तावना जोडली गेली, तेव्हा आंबेडकरी तरुणांनी विचारले की आमच्या बापाच्या पुस्तकाची ओळख जगाला कोण करून देणार? ते नुसते विचारून थांबले नाहीत. २०१५ साली त्यांनी 'हेट्रेड इन द बेली' हे पुस्तक आपल्याच प्रकाशनातर्फे काढले. उत्तर असेच द्यायचे असते.

म्हणून आमचे म्हणणे असे. एक, शासनाने खंड कायम उपलब्ध ठेवलेच पाहिजेत. ती भीक नाही, आपल्या कराच्या पैशाचा हिशेब आहे. दोन, आपल्यातल्या जे संशोधक मोठ्या प्रकाशनांशी करार करतात, त्यांनी सही करण्याआधी मराठी भाषांतराचा हक्क आणि स्वस्त भारतीय आवृत्तीची अट मागावी. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तीन, आपल्या छोट्या प्रकाशकांनी मुद्रितशोधन, सूची आणि संदर्भ यांत कसूर करू नये. चुकांनी भरलेले स्वस्त पुस्तक हाही वाचकाचा अपमानच आहे. बाबासाहेबांनी मते बदलली नाहीत, पण परीक्षकांनी परत केलेला प्रबंध पुन्हा मेहनत करून सादर केला होता.

आणि शेवटचे. बाबासाहेबांनी ५०० प्रतींची मागणी सरकारकडे केली, कारण तेव्हा आपला समाज त्या घ्यायच्या स्थितीत नव्हता. आज आपल्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत, अधिकारी आहेत. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेत जितके पैसे जातात, तेवढ्यात एका वस्तीचे ग्रंथालय उभे राहते. महाराष्ट्रात बुद्धविहारे किती आहेत, बघा. त्यांतल्या फक्त ५०० विहारांनी ठरवले की आपल्या समाजातल्या अभ्यासकाचे कोणतेही गंभीर पुस्तक निघाले की त्याची एक प्रत आम्ही छापील किमतीला घेऊ, तर त्या लेखकाला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

१४ सप्टेंबर १९५६ च्या त्या पत्राचे उत्तर अजून द्यायचे राहिले आहे. ते आता आपल्यालाच द्यावे लागेल. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की हा विषय काढा.

जय भीम!